राउटरला जोडलेली डिस्क मधेच गायब होत होती

नाशिकला सिडकोतल्या घरी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली) टाकलेल्या राउटरला अडीच इंची हार्ड डिस्क जोडली. ती दिसायची, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की गायब! कर्नल लॉगमध्ये (सिस्टिमच्या गाभ्याच्या नोंदींत) ‘रिसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ याच ओळी. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतो, डिस्कला त्याहून जास्त लागतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावला आणि डिस्क टिकली.

राउटरवर टाकायची पॅकेजेस: केमॉड-यूएसबी-स्टोरेज (यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर), ब्लॉक-माउंट (डिस्क माउंट करायला, म्हणजे तिच्या फाइल्स वापरात आणायला), ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं केमॉड, केएसएमबीडी (नेटवर्कवर फाइल्स शेअर करायला). कमी रॅमवर त्याच कामाचं सांबा४ जड जातं. माउंटची नोंद यूयूआयडीनेच (डिस्कच्या कायम ओळख-क्रमांकाने) करा, सिस्टिमने दिलेलं एसडीए१ हे नाव बदलू शकतं. फाइल्स दिसतात पण सेव्ह होत नाहीत? फोल्डर रूट या मुख्य युजरच्या मालकीचं असतं, शेअरच्या युजरला चाउन (मालक बदलायची कमांड) करून द्या. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) असलेलं ईएक्सटी४च घ्या.