बागेतील नावपट्ट्या टिकत नाहीत? या चुका टाळा

पावसाळ्यानंतर झाडांच्या नावपट्ट्या कोऱ्या दिसल्या की आपण पावसाला दोष देतो. पण नाशिकमध्ये ती अक्षरे बहुधा मार्च ते मे या महिन्यांतल्या उन्हानेच उडवलेली असतात. ‘पर्मनंट’ मार्करची शाई पाण्याने सहसा जात नाही, मात्र तिच्यातला रंग अतिनील किरणांपुढे टिकत नाही. माझ्या केशर आणि हापूसच्या कलमांवरची नावे अशीच एका उन्हाळ्यात गेली, आणि पानांवरून ती ओळखता न आल्याने फळ धरेपर्यंत दोन वर्षे थांबावे लागले.

म्हणून मार्करऐवजी मऊ शिसाची पेन्सिल वापरावी, कारण तिच्यातले ग्रॅफाइट म्हणजे कार्बन असून तो उन्हाने फिका पडत नाही. दह्याच्या डब्यातून कापलेल्या गुळगुळीत पट्टीवर पेन्सिल उमटत नसेल, तर पट्टी आधी पॉलिश पेपरने घासावी. हे प्लास्टिकही पुढे ठिसूळ होऊन तुटते, त्यामुळे ते मिरची-वांग्यासारख्या हंगामी रोपांपुरतेच ठेवावे. लॅमिनेट केलेल्या कागदात कापलेल्या कडेने पाणी शिरते, आणि आइस्क्रीमच्या काड्या ओल्या मातीत कुजतात.

कलमे, गुलाब, द्राक्षवेल यांसाठी शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी मला सर्वांत भरवशाची वाटते. हातमोजे घालून ती कापावी, धारदार कडा आत दुमडाव्यात, खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून नाव लिहावे. येथे शाईच नसल्यामुळे उडण्यासारखे काही उरत नाही. वर धूळ बसली तरी बोट फिरवल्यावर अक्षरांचे खळगे लागतात.

अशी पट्टी तांब्याच्या तारेने बांधणे ही हमखास होणारी चूक आहे. ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते आणि छिद्र मोठे होत जाऊन पट्टी गळून पडते. त्यामुळे तारही ॲल्युमिनियमचीच घ्यावी. ती खोडाला आवळून बांधू नये, कारण खोड जाड होताना तार सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाणे अडते. बाजूच्या फांदीवर बोटभर सैल फास ठेवावा व दर दिवाळीच्या सुमारास तो तपासावा.

कुंड्यांत पेन्सिलने लिहिलेली दुसरी पट्टी मातीत पूर्ण पुरून ठेवावी. तिथे ऊन पोहोचत नसल्याने वरची पट्टी हरवली तरी नाव वाचता येते.