हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की आधी काय करायचं

कालपर्यंत चटकन उघडणारं फोल्डर आज अर्धा मिनिट घेतं. फोटो एकेक करून उमटतात. मधूनच अख्खा कॉम्प्युटर हँग होतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागतो. अशा वेळी बहुतेकांचा हात जातो तो चेकडिस्ककडे (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन), नाहीतर अँटीव्हायरसच्या फुल स्कॅनकडे. नेमकं तेच करायचं नाही. आजारी डिस्कमध्ये वाचून होण्याचे किती तास उरलेत ते कुणालाच माहीत नसतं, आणि हे दोन्ही प्रकार ते तास तपासणीतच उडवतात. आधी कॉपी, मग तपासणी, दुरुस्तीचा विचार सगळ्यात शेवटी.

डिस्क अडखळते कशी, हे समजून घेतलं तर खुणा ओळखणं सोपं जातं. एखादा सेक्टर (डेटा साठवायचा डिस्कवरचा छोटा कप्पा) नीट वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तोवर विंडोज ताटकळत बसतं. टास्क मॅनेजरमध्ये हे स्पष्ट दिसतं: डिस्कचा वापर १०० टक्के, पण वाचनाचा वेग शून्याच्या आसपास आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद. धडधाकट हार्ड डिस्कला एरवी दहा-वीस मिलिसेकंद पुरतात. वापर १०० टक्के आणि वेगही भरपूर असेल, तर डिस्क बिघडलेली नाही, कामात आहे. बहुतेकदा रॅम कमी पडत असते किंवा अपडेट चालू असतं. आणखी एक गफलत टाळा: एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मोठी फाइल लिहिताना काही वेळाने वेग कोसळतो. ती त्या डिस्कची जातच आहे. वाचतानाही तसंच होत असेल तर मात्र काळजी करा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीम लॉगमध्ये, 'डिस्क' या स्रोताखाली ७ क्रमांकाची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. एखादी नोंद केबल हलल्यानेही येते. रोज चार-पाच येत असतील तर आजच कॉपी काढायला घ्या.

आवाजाचं गणित वेगळं. बंद करताना किंवा रिकामी असताना डिस्क एकदाच हलकं टक् करते, तेव्हा हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवर डेटा वाचणारी-लिहिणारी टोकं, जागेवर जाऊन बसत असतात. ते ठीक. पण सुरू केल्यावर ठरावीक अंतराने टक्... टक्... टक्... येत राहिलं, तर हेडला तबकडीवरच्या मार्गदर्शक खुणा सापडत नाहीत. ते मागे जातात, पुन्हा शोधतात, पुन्हा मागे. या प्रत्येक फेरीत खराब हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते. वीज ताबडतोब तोडा आणि 'एकदा परत लावून बघू' हा मोह आवरा. बारीक पीं-पीं आवाज आला तर मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे आणि फिरत नाही. बाहेरून लावायची डिस्क असेल तर एवढी एक मुभा: केबल आणि पोर्ट एकदा बदलून पाहा, कारण वीज कमी पडली तरी असाच आवाज येतो. बदलूनही तोच आवाज आला तर हेड तबकडीला चिकटले आहेत किंवा मोटर जाम आहे. घासल्याचा, किसल्याचा आवाज आला तर तेवढीही मुभा नाही.

स्मार्टचे आकडे कसे वाचायचे

डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते, त्या नोंदींना स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल उघडा. हे वाचायला काही सेकंद लागतात आणि डिस्कवर ताण येत नाही, म्हणून कॉपीच्या आधी एवढं चालतं. लांब सेल्फ-टेस्ट मात्र अख्खी डिस्क वाचते, ती नंतर.

पाहायच्या ओळी मोजक्या. ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. १९८ आणि १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. यांतलं १९७ सगळ्यात तातडीचं, कारण त्या सेक्टरमधला डेटा या घडीला वाचता येत नाहीये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे क्रमांक षोडशमान पद्धतीने दाखवतं: ५ तिथे ०५ असतो, १८७ बीबी, १९७ सी५ आणि १९८ सी६. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडाही तसाच असतो. तिथे शेवटी १० दिसलं तर ते दहा नाहीत, सोळा आहेत. मेनूतून तो रकाना दशमान करून घेतला की घोळ मिटतो.

१९९ म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका; तो वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा. केबल बदला. जुना आकडा पुसला जात नाही, फक्त पुढे वाढत नाही ना तेवढं पाहा. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका. तो आकडा वेगळ्या रीतीने बांधलेला असतो.

क्रिस्टलडिस्कइन्फोचा 'गुड' हा शिक्का निर्धास्त होण्यासाठी नाही. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडलं तर स्मार्टमध्ये एकही इशारा दिलेला नव्हता. म्हणजे आकडे वाईट असतील तर विश्वास ठेवा, चांगले असतील तर अर्धाच ठेवा.

कॉपी काढताना

डिस्क अजून चालते आहे, तर अख्खी डिस्क ओढत बसू नका. दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टी आधी: कागदपत्रं, हिशेब, फोटो. सिनेमे आणि प्रोग्रॅम परत मिळतात. कट-पेस्ट कधीच नाही, फक्त कॉपी. विंडोज त्याच डिस्कवर असेल तर ते सतत काहीतरी लिहीत राहतं, म्हणून कॉम्प्युटर बंद करून डिस्क दुसऱ्या मशीनला लावा किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्क उघडी राहत असेल तर समोर छोटा पंखा ठेवा, गरम झालेली आजारी डिस्क आणखी अडते.

रोबोकॉपी (विंडोजमधली फायली कॉपी करायची कमांड) वापरणार असाल तर एक सापळा आहे. एखादी फाइल वाचता आली नाही की ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. पुन्हा प्रयत्नांची संख्या शून्य किंवा एक आणि थांबा एक सेकंद असं आधीच सांगा, नाहीतर रात्रभर एकाच फाइलवर ठोकत बसेल.

खराब सेक्टर बरेच असतील तर फायलींच्या मागे न लागता अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, घेणं बरं. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवर ते तयार मिळतं.

१. जुनी डिस्क शक्यतो थेट साटा केबलने जोडा. इमेज ठेवायची डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी आणि तिचं फॉरमॅट एक्सटी४ किंवा एनटीएफएस. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

२. एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून दोन्ही डिस्कची नावं पाहा आणि आकार, मॉडेल, सिरीयल नंबर लेबलशी ताडून घ्या. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर हवा असलेला डेटा आपणच पुसतो. नावं कागदावर लिहून ठेवायला लाज वाटू देऊ नका.

३. पहिली फेरी 'डी' आणि 'एन' हे पर्याय देऊन. ही सोपं सोपं उचलते, अवघड जागा सोडून पुढे जाते. सोबत मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) हवीच, आणि ती जुन्या डिस्कवर नको, लाइव्ह लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीतही नको. वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं ते या फाइलमुळे.

४. दुसरी फेरी त्याच मॅप फाइलसह, 'एन' काढून, तीन पुन्हाप्रयत्न देऊन. मध्येच डिस्क गायब झाली तर वीज बंद करून थोड्या वेळाने पुन्हा जोडा आणि मोठा 'आर' देऊन उलट्या टोकाकडून वाचायला लावा.

निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी देते असं धरलं तर १ टीबीला तीन तासांच्या आत काम होतं. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. वेग सारखा घसरत चालला किंवा टकटक सुरू झाली तर थांबा. पुढचं काम क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

त्यांच्याकडे नेईपर्यंत डिस्क उघडू नका. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटर इतक्याच अंतरावरून उडतं, धुळीचा एक कण त्याच्यासाठी धोंडा असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर विसराच, आत दव साठतं. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड लावूनही सहसा भागत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असतात आणि ती चिपही हलवावी लागते.

एसएसडीचा (तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा) आवाज होत नाही. ती अचानक दिसेनाशी होते, किंवा फक्त वाचता येते पण लिहिता येत नाही अशी होते. दुसरी अवस्था म्हणजे नशीब, तेवढ्यात कॉपी काढून घ्या.

इमेज हाती आल्यावर चेकडिस्क किंवा टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम) चालवायचं ते इमेजच्या आणखी एका कॉपीवर. जुन्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट मारून १९७ शून्यावर आला तरी ती बरी झाली असं नाही. लिहिताना ते सेक्टर चालले म्हणून यादीतून निघाले, किंवा राखीव जागेत गेले आणि ५ वाढला. आठवडाभराने आकडे परत पाहा. ५ चढतोच आहे तर डिस्क काढून टाका. स्थिर असेल तर गेल्या तरी चालतील अशा फायलींपुरती वापरा.

वॉरंटीत परत द्यायची असेल आणि अजून लिहिता येत असेल, तर आधी सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून ती पुसा. लिहिताच येत नसेल तर आत काय आहे ते आठवा आणि मगच ठरवा, कारण बदली डिस्क मिळाली तरी जुनी परत मिळत नाही.