विमानाच्या गेटवर कागद अडू नयेत म्हणून काय करावं

मुलाकडे अमेरिकेला नाहीतर भाच्याकडे दुबईला निघालेल्या माणसाला आमच्या जळगावात सल्ले फुकट आणि फार मिळतात. कुणी म्हणतं, आधारच्या दहा झेरॉक्स ठेवा. कुणी म्हणतं, नोटरी करून घ्या. एका नानांनी तर सातबारा लॅमिनेट करून फायलीत घातला होता. मुंबईला विमानाच्या दारात यातलं काहीही कुणी मागत नाही. तिथे मागतात पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि त्या देशाचा व्हिसा. बघतात एवढंच, की तिन्हींवर माणूस एकच आहे ना, आणि तिकडे उतरल्यावर त्याला परत तर पाठवणार नाहीत ना.

परत पाठवलं तर भुर्दंड विमान कंपनीला बसतो. प्रवाशाला माघारी आणायचं तिनेच, आणि बऱ्याच देशांत वर दंडही भरायचा तिनेच. म्हणून काउंटरवरची पोरगी स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. विमान कंपन्यांची आयाटा म्हणून संघटना आहे, तिची टायमॅटिक नावाची यंत्रणा समोर असते. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, मध्ये विमान कुठे बदलणार, एवढं घातलं की नियम स्क्रीनवर येतो. स्क्रीन ‘नाही’ म्हणाला की नाही. ‘आमचे व्याही गेल्या दिवाळीत याच कागदांवर गेले’ हे तिथे ऐकलं जात नाही. हेच नियम आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटर या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. एजंटला दहा फोन करण्यापेक्षा ते एकदा वाचा.

आधी सोपं उरकून घेऊ. दुबई, सिंगापूर, थायलंडकडे पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत. युरोपात शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या) परत निघायच्या तारखेपुढे तीन महिने हवेत, आणि पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे आईबाप हमखास विसरतात. पान फाटलेलं, भिजून फुगलेलं किंवा नातवाने पेनाने गिरवलेलं असेल तर तो पासपोर्ट घेऊन निघूच नका, नवा काढा. ई-व्हिसाची कागदावर प्रिंट घ्या. काळी-पांढरी चालते.

आता नावाचं बघू. माणसं अडतात ती इथेच.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटपर्यंत आडनाव पुढे लिहायची सवय. पाटील सुशीलाबाई रमेश. पासपोर्टाचा अर्ज भरताना तेच डोक्यात असतं. त्यात नेटकॅफेवाला घाईत असला की तिन्ही शब्द ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात टाकतो आणि ‘सरनेम’ कोरा सोडतो. पासपोर्ट छापून येतो, घरी पेढे वाटले जातात, आणि त्या कोऱ्या रकान्याकडे तिकीट निघेपर्यंत कुणी बघत नाही.

अशा पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा मिळतो, पण त्यावर नाव वेगळं दिसतं. सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरं येतात. म्हणजे पहिलं नाव नोंदलेलं नाही. आमच्या मावशीचा व्हिसा असाच आला होता. तिकीट काढणाऱ्या एजंटने व्हिसा बघितलाच नाही. घरात जे म्हणतात ते टाईप करून मोकळा झाला, पहिलं नाव सुशीला, आडनाव पाटील. ‘बाई’सुद्धा गेली. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, फोटोखालच्या दोन ओळींवर पेनाचं टोक ठेवलं आणि एकेक अक्षर तिकिटाशी ताडत गेली. मग विचारलं, “मॅडम, तुमचं पहिलं नाव काय?” मावशी म्हणाली, सुशीलाबाई. “पण व्हिसावर एफएनयू आहे.” मावशीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हाई कोन शे?”

एजंटचा फोन रात्री बंद होता. तिकीट एजंटचं, म्हणून दुरुस्ती त्याच्याकडूनच व्हायची, असं कंपनीने सांगितलं. शेवटी ड्यूटी मॅनेजरने बुकिंगमध्ये नोंद करून सोडलं, पण दरवेळी असा मॅनेजर भेटेल या भरवशावर राहू नका.

म्हणून आता माझ्याकडे कुणी कागद घेऊन आलं की मी फोटो बघत नाही, त्या खालच्या दोन ओळी बघतो. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. पहिल्या ओळीत पी, मग देशाची तीन अक्षरं, मग नाव, आणि उरलेल्या जागेत कोनासारख्या खुणा. नावाच्या मध्ये जिथे दोन कोन लागोपाठ येतात, त्यांच्या आधीचं आडनाव आणि नंतरचं नाव, असं मशीन वाचतं. घरात तुम्हाला काय म्हणतात, रेशन कार्डावर काय आहे, याच्याशी त्याला घेणं नाही. तिकिटावरचं नाव या ओळीशी जुळायला हवं. आधार, पॅन, मतदार कार्ड बाजूला ठेवा. गेटवर त्यांच्याशी कुणी काही ताडत नाही.

तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका. फोनवर ‘दगडू’चं ‘दागडू’ होतं आणि ‘चौधरी’ची स्पेलिंगं तर घरागणिक वेगळी. पासपोर्टाच्या पानाचा फोटो पाठवा, व्हिसा आलेला असेल तर त्याचाही. तिकीट हातात आलं की एकाने पासपोर्टावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तिकिटावर बोट ठेवायचं. एकट्याने वाचलं की डोळा आपल्या नावावरून घसरतो. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. एखाद-दोन अक्षरांची दुरुस्ती बहुतेक कंपन्या करून देतात, पण अख्खं नाव बदलायला सहसा कोणी तयार नसतं. नवं तिकीट घ्या म्हणतात.

लोक उगाच घाबरतात अशाही गोष्टी आहेत. बोर्डिंग पासवर नाव आणि मधलं नाव चिकटून आलं, शेवटी ‘एमआरएस’ जोडलं गेलं, लांब नाव मध्येच तुटलं, तर काही बिघडत नाही. यंत्रात जागा कमी असते, हे गेटवाल्यांना रोजचं आहे. नवऱ्याचं किंवा वडिलांचं मधलं नाव तिकिटावर नसेल तरी सहसा कुणी अडवत नाही. मात्र ‘सुशीला’ आणि ‘सुशीलाबाई’ हा फरक अंगावर घेऊ नका. आपल्या पिढीजात ‘बाई’, ‘भाऊ’, ‘सिंग’ ही शेपटं पासपोर्टावर असली तर तिकिटावर हवीत, नसली तर नकोत.

नव्या सुनांचं तिकीट काढताना तर जास्तच जपा. लग्न लागतं, हळद उतरायच्या आत बँकॉकचं तिकीट येतं, आणि त्यावर हौसेने सासरचं आडनाव. पासपोर्ट माहेरचा. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवू, असं सासरे सांगतात. त्या भरवशावर निघू नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण वैध आहे, तो बदललाच पाहिजे अशी सक्ती नाही. तिकीट पासपोर्टावरच्या नावाने काढा आणि आडनावाचा प्रश्न परत आल्यावर सोडवा.

सरनेमचा रकाना कोरा असेल तर माझं मत पक्कं आहे. व्हिसाच्या आधी पासपोर्ट रीइश्यू करून नाव आणि आडनाव वेगळं करून घ्या. ‘चालून जातं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुबईसाठी तर नोव्हेंबर २०२२ पासून, अख्ख्या पासपोर्टावर नावाचा एकच शब्द असेल तर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायचा नियम आहे. व्हिसा आधीच निघालेला असेल आणि वेळ नसेल, तर निदान तिकीट व्हिसावर आहे तसंच काढा, एफएनयूसकट. कोऱ्या आडनावाचं तिकीट कसं भरायचं याची पद्धत प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते. कस्टमर केअरला विचारून उत्तर ईमेलवर मागून घ्या.

नावानंतर नंबर बघा. पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो. अमेरिकेचा चिकटवलेला व्हिसा जुन्या पासपोर्टात असला आणि त्याची मुदत शिल्लक असली तर तो चालतो. दोन्ही पासपोर्ट सोबत न्या, जुना घरी कपाटात ठेवून येऊ नका. दुबई आणि ऑस्ट्रेलियाचे व्हिसे मात्र कागदाला नाही, पासपोर्ट नंबरला बांधलेले असतात. ब्रिटननेही आता ई-व्हिसा आणलाय. तिथे खात्यात नवा नंबर जोडला नाही तर स्क्रीनवर तुमचा व्हिसा दिसणारच नाही.

थायलंडने १ मे २०२५ पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचण्याआधी भरायचा फॉर्म, सक्तीचं केलंय, सिंगापूरचंही तसंच आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट भरायचं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. व्हिजिट व्हिसावर जात असाल तर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात, छापून ठेवा. लंडनमार्गे अमेरिकेला जाताना अमेरिकेचा व्हिसा हातात असेल तर ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यापुरता व्हिसा, साधारणपणे लागत नाही. अमेरिकेचा व्हिसा नसेल आणि लंडनला विमान बदलणार असाल, तर विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. स्वस्त तिकीट घेण्याआधी हे बघा.

तारीख नीट वाचा. मुंबईहून बाहेर जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. तिकिटावर १२ तारीख, ००.४० असं असेल तर तुम्ही ११ तारखेच्या संध्याकाळी विमानतळावर हवेत. म्हणजे भुसावळहून गाडी ११ च्या सकाळची धरायची, आणि तीही कसारा घाटात रखडू शकते हे धरून. नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी तर दहा तारखेलाच निघून नातेवाइकांकडे मुक्काम केलेला बरा. बारा तारखेच्या दुपारी दादरला उतरून ‘विमान आज रात्रीचं ना भो’ विचारणारी माणसं मी बघितली आहेत.

विमानतळावर ऑनलाइन चेक-इन झालेलं असलं तरी काउंटरवर जाऊन कागद दाखवाच, आणि “डॉक्युमेंट चेक झालं ना?” असं तोंडाने विचारा. मराठीत विचारलं तरी चालतं, मुंबईत निम्मा स्टाफ आपलाच असतो. न दाखवता थेट गेटवर गेलं की तिथे नाव पुकारतात आणि म्हातारी माणसं घाबरतात. इमिग्रेशनचं काम सरकारी अधिकाऱ्यांचं, ते वेगळं. ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ पासपोर्टावर नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांना सरकारची परवानगी लागते, ती तिथे बघतात. एजंट व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवत असेल तर जाऊच नका.

गेटवर पासपोर्टाचं कव्हर काढून ठेवा, फोटोचं पान उघडून द्या, बोर्डिंग पास कागदाचा घ्या. अमेरिकेच्या विमानाला दारात काहींची बॅग पुन्हा उघडून बघतात. तपासणीसाठी ज्यांचं नाव निघतं त्यांची बघतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नसतं. व्हीलचेअर घेतली असेल तर ढकलणारा पोरगा प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट स्वतःच्या हातात घेतो. प्रत्येक वेळी परत मागून गळ्यातल्या पिशवीत घालायला आईला शिकवून ठेवा.

आणि अडवलंच तर काउंटर सोडून बाजूला जाऊन फोन करत बसू नका, तेवढ्यात गेट बंद होतं. तिथेच उभं राहून ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि नेमकं काय जुळत नाही ते अक्षरासकट दाखवायला सांगा. आवाज चढवून काही होत नाही. तिकडे मुलगा जागा असेल तर त्याला फोनवर घ्या, बुकिंगचा ईमेल त्याच्याकडे असतो.

तरीही विमान गेलंच तर घरी निघण्याआधी तीन कामं करा. सामान उतरवून ताब्यात घ्या. न सोडल्याचं कारण लेखी किंवा ईमेलवर मागा, आणि बुकिंगमध्ये ‘नो-शो’ (प्रवासी आलाच नाही अशी नोंद) पडणार नाही हे बघा, कारण जाण्याचा टप्पा नो-शो झाला की परतीचं तिकीटही सहसा रद्द होतं. इमिग्रेशन आधीच झालं असेल तर विमान कंपनीच्या माणसासोबत परत त्या खिडकीवर जा आणि पासपोर्टावरचा बाहेर गेल्याचा शिक्का रद्द करून घ्या. तो तसाच राहिला तर सरकारी नोंदीत तुम्ही देशाबाहेर आणि प्रत्यक्षात जळगावला घरी.