मॉडेल इंजिनचं इंधन: आधी तेल बघा, मग नायट्रो

मॉडेल विमानाच्या इंजिनाचं इंधन निवडताना बहुतेकांची नजर डब्यावरच्या नायट्रोच्या (नायट्रोमिथेनच्या) टक्क्यांवर जाते. त्याआधी इंजिनाची जात बघायला हवी. डोक्यावर ग्लो प्लग (सुरू करताना बॅटरीने तापवायची बारीक तार असलेला प्लग) असेल तर मिथेनॉलचं इंधन लागतं. प्लगच नाही आणि वरच्या दांड्याने दाब कमी-जास्त करता येतो, तर ते मॉडेल डिझेल: त्याला ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समान भागांत, वर १ ते २ टक्के ज्वलन सुधारणारं नायट्रेट. स्पार्क प्लग असेल तर पेट्रोल-ऑइल.

ग्लो इंजिनात पेट्रोल ओतून बघण्याचा मोह टाळा. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या वाफेमुळे उत्प्रेरक क्रियेने लाल राहते, म्हणून तर बॅटरी काढली तरी इंजिन चालतं. पेट्रोलने तशी साथ मिळत नाही. शिवाय मिथेनॉल जळायला वजनाच्या सुमारे साडेसहापट हवा लागते, पेट्रोलला पंधरापटीच्या आसपास, त्यामुळे नीडलचं (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईचं) गणितही कोलमडतं.

तेलात काटकसर

इंजिनं खराब होतात ती मुख्यतः इथे. जुन्या पद्धतीचा लोखंडी पिस्टन पोलादी लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) असेल, तर इंधनात २० ते २५ टक्के तेल हवं आणि त्यातलं निदान अर्धं एरंडेल. ॲल्युमिनियम पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी लायनर असलेल्या इंजिनाला १८ ते २० टक्के पुरतं. सिंथेटिक तेल स्वच्छ, पण इंजिन लीन होऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) तापलं की लवकर हार मानतं. एरंडेल अशा वेळी चिकट थर धरून राहतं. त्याची किंमत म्हणजे बाहेर साचणारा तपकिरी थर. म्हणून दोन्हींचं मिश्रण सोयीचं. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारच्या इंधनात तेल बरेचदा कमी असतं. विमानाच्या इंजिनात ते घालण्यापूर्वी लेबल वाचा, आणि टक्के वजनाने दिलेत की आकारमानाने तेही तपासा.

घरी ग्लो इंजिनाचं १ लिटर इंधन बनवायचं तर ७५० मिली मिथेनॉल, २०० मिली तेल, ५० मिली नायट्रोमिथेन. सगळं मापपात्राने मोजा. वजनाने ५० ग्रॅम नायट्रो घेतलं तर ते जेमतेम ४४ मिली भरतं, कारण त्याची घनता १.१४ आहे. स्कूटरचं टू-टी ऑइल इथे चालत नाही, मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. केसांचं सुगंधी एरंडेलही नको. शंका असेल तर काचेच्या बाटलीत १ भाग तेल आणि ४ भाग मिथेनॉल हलवून दिवसभर ठेवा. गढूळ झालं किंवा थर दिसले तर ते तेल बाद.

जास्त नायट्रो म्हणजे जास्त ताकद?

थोडीफार, पण बिल मोठं येतं. नेहमीच्या ४० साइझच्या (०.४० घनइंचाच्या) विमान इंजिनाला ५ ते १० टक्के भरपूर. आयडलिंग (थ्रॉटल खाली असताना संथ चालणं) सुधारतं एवढाच खरा फायदा. ०.०४९ घनइंचाच्या कॉक्ससारख्या चिमुकल्यांना मात्र १५ टक्के किंवा जास्त मानवतं. टक्का प्रमाणाबाहेर वाढला की पेट लवकर घेतली जाते, तडतड ऐकू येते, प्लगची तार वाकते किंवा तुटते. मग हेडखाली ०.१ ते ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) घाला, थंड (कमी तापणारा) प्लग वापरा, किंवा सरळ कमी नायट्रोवर या. नायट्रो वाढवलं की नीडल थोडी उघडावी लागते. जुन्याच सेटिंगवर चालवलं तर इंजिन लीन पडतं. फुल थ्रॉटलवर काही सेकंदांत आवाज बसू लागला आणि धुराची रेघ नाहीशी झाली, की तत्काळ थ्रॉटल खाली घ्या.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा कोकणातल्या पावसाळ्यात अर्धा भरलेला, सैल झाकणाचा डबा हमखास बिघडतो. डबा भरलेला, घट्ट बंद आणि उन्हापासून दूर ठेवा. दिवस संपताना टाकी रिकामी करून इंजिनात उरलेलं इंधन ते चालवून संपवा आणि आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब टाकून प्रॉपेलर हाताने फिरवा. नाहीतर बेअरिंग गंजतात. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शिरतं, आणि त्याची ज्वाला उजेडात दिसत नाही. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा.

पेट्रोल इंजिनवाल्यांनी सिलिकॉनची नळी वापरू नये, पेट्रोलने ती फुगते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे तेही टाकीत साठवू नका. पेट्रोल आणि तेलाच्या २५:१ प्रमाणासाठी लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल घाला.

वर्षभर पडून घट्ट बसलेलं इंजिन प्रॉपेलरला जोर देऊन फिरवू नका. हेअर ड्रायरने गरम करा, एक्झॉस्टमधून थोडं मिथेनॉल सोडा आणि चिकटलेलं एरंडेल सुटेपर्यंत थांबा.