बाळाचे बारसे आणि दोन नोंदणी क्रमांक

संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये रुजू झाले, तेव्हा माहिती संगणकात तयार असेल आणि आपण केवळ विश्लेषण करायचे, अशी माझी समजूत होती. ती आठवडाभरही टिकली नाही. केसपेपर उपचारासाठी आणि बिलासाठी लिहिला जातो, संशोधनासाठी नव्हे, हे रुग्णालयातील नोंदींवर संशोधन करायला येणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले. आज या वैद्यकपंढरीत जत-आटपाडीपासून कर्नाटकातील अथणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि संशोधकाची अडचण नेमकी तेथेच सुरू होते. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग ३० दिवसांपर्यंत, आणि शरीरात कृत्रिम सांधा बसवला असल्यास ९० दिवसांपर्यंत पाहावा लागतो. रुग्ण मात्र आठवड्याभरात घरी जातो आणि टाके गावच्या डॉक्टरांकडेच काढून घेतो. फेरतपासणीचा रकाना रिकामा दिसला की मी ‘संसर्ग नाही’ असे भरत होते. एका ज्येष्ठ सर्जननी तो तक्ता पाहिला आणि “यांतल्या किती जणांना फोन केलात?” एवढेच विचारले. फोन केल्यावर कळले की काही जण गावातच कित्येक दिवस ड्रेसिंग करून घेत होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीची तीव्रता ठरवण्यासाठी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली क्लेव्हियन-डिंडो वर्गवारी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती गुंतागुंत निस्तरण्यासाठी काय करावे लागले यावर बेतलेली आहे: अँटिबायोटिक दिले, पुन्हा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) न्यावे लागले की आयसीयूत. ‘प्रकृती मध्यम’ असल्या शेऱ्यांपेक्षा औषधांचा कागद आणि ओटी रजिस्टर अधिक खरे बोलतात.

बालरुग्णांच्या नोंदींत वेगळेच घोटाळे असतात. नवजात बाळ ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असे दाखल होते. बारसे झाल्यावर तेच बाळ स्वतःच्या नावाने, नव्या क्रमांकाने पुन्हा येते आणि आपल्या तक्त्यात एकाची दोन बाळे होतात. जन्मतारीख, आईचे नाव आणि मोबाइल क्रमांक ताडून मी अशा जोड्या लावते, तरी जुळ्यांपाशी अडतेच. वयाच्या रकान्यातील ‘२’ म्हणजे दिवस, महिने की वर्षे, हे जन्मतारखेवरूनच ठरवावे. नवजात विभागात वजन ग्रॅममध्ये आणि वॉर्डात किलोत लिहितात. माझ्या पहिल्या तक्त्यात २४०० किलोचे एक बाळ होते.

एकही फाइल उघडण्यापूर्वी नैतिकता समितीची परवानगी घ्यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या नोंदींवरील अभ्यासात समिती संमतीची अट शिथिल करू शकते. मुलांना थेट सहभागी करून घ्यायचे असेल, तर पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी होकार लागतो.

सर्वांत जपून वाचावी ती ‘डामा’ची नोंद, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण. संगणकात तो नुसता ‘डिस्चार्ज’ दिसतो, आणि आशा सोडून घरी नेलेले मूल बऱ्या झालेल्यांत मोजले जाते. त्यासाठी मी आता स्वतंत्र रकाना ठेवते आणि तो भरताना वॉर्डातील सिस्टरांना शेजारी बसवते. कोणते मूल कोणत्या अवस्थेत गेले, हे त्यांना कागद न पाहताही आठवत असते.