तिसऱ्या घंटेच्या आधीपासून: नाटकाचे छायाचित्रण कसे करावे

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला, तेव्हा छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. तो खेळ डोळ्यांना कसा दिसला असेल, हे आपल्याला वर्णनांवरूनच ताडावे लागते. आज सांगली-मिरजेत एखादी हौशी संस्था तीन महिने तालमी करून राज्य नाट्य स्पर्धेत एकच प्रयोग करते आणि पडदा पडल्यावर त्या कामाचे दृश्यरूप म्हणून हाती उरतात ती बहुधा केवळ छायाचित्रे. म्हणून हे काम मन लावून शिकावे असे मला वाटते. त्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही, ती संहितेपासून होते.

काम ठरले की दिग्दर्शकाकडून संहितेची एक प्रत मागून घ्यावी आणि ती हातात पेन्सिल घेऊन वाचावी. कोणत्या प्रवेशात किती पात्रे आहेत, कोण कोणाकडे पाठ करणार आहे, ब्लॅकआउट कुठे आहे आणि कोणत्या वाक्याने नाटक वळते, याच्या खुणा समासात करून ठेवाव्यात. त्यानंतर किमान एक साधी तालीम कॅमेऱ्याविना पाहावी. कॅमेरा हातात असला की माणूस चौकट शोधत राहतो आणि नाटक निसटते. दुसऱ्या खेपेला रंगीत तालमीला जावे, कारण वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य आणि प्रकाशयोजना एकत्र येतात ती तिथेच. शिवाय तेव्हा प्रेक्षक नसल्यामुळे सभागृहात हवे तिथे उभे राहता येते. माझ्याकडच्या चांगल्या छायाचित्रांपैकी बहुतेक रंगीत तालमीतलीच आहेत.

छायाचित्र कोणत्या क्षणी टिपावे, हा या कामातला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला आपल्या भाषेनेच दिले. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. एका ग्रामीण नाटकात बाप सातबाऱ्याचा उतारा चार घड्या घालून, घडीवरून अंगठ्याचे नख फिरवून टोपीत ठेवतो आणि मुलाला सांगतो, “तुझ्या शिक्षणापायी ती जमीन मी विकली.” ‘ती जमीन मी’ इथपर्यंत बापाने ती राखली, गहाण टाकली की विकली हे मुलाला ठाऊक नसते. ‘विकली’ हा शब्द पडतो आणि मुलाचा चेहरा बदलतो. त्या वेळी बापाचे ओठ मिटलेले असतात, पण डोळ्यांत वाक्य अजून चालू असते. वाक्य सुरू असताना टिपलेल्या छायाचित्रात उघडे तोंड आणि अर्धवट मिटलेले डोळे येतात; क्रियापदानंतरच्या अर्ध्या सेकंदात मात्र दोन्ही चेहरे पूर्ण झालेले असतात. म्हणून बोट शटरवर ठेवून वाक्याचा शेवट ऐकण्याची सवय लावून घ्यावी, आणि शक्य असेल तेव्हा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर फोकस ठेवावा, कारण नाटक बऱ्याचदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडते.

संगीत नाटकालाही हाच नियम थोड्या फरकाने लागू होतो. तान चालू असताना गायकनटाचा जबडा ताणलेला असतो आणि ते छायाचित्र त्याला स्वतःलाच आवडत नाही. तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, मान किंचित हलते आणि चेहरा मोकळा होतो. तबलजीची नजरही त्याच वेळी त्याच्याकडे वळते. तालाची मात्रा मोजता येत नसेल तर तालमीत ते पद तीनचार वेळा ऐकावे, म्हणजे सम कानाला आपोआप कळू लागते.

आता तांत्रिक बाजू. रंगमंचाचा मोठा भाग काळा असतो, त्यामुळे स्वयंचलित मोजणीवर विसंबलेला कॅमेरा फसतो. तो काळोख उजळ करू पाहतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. म्हणून मॅन्युअल मोड वापरावा, प्रकाशाची मोजणी स्पॉट मीटरिंगने (चौकटीतल्या एका लहानशा ठिकाणापुरती) मुख्य पात्राच्या चेहऱ्यावर करावी आणि काळोख काळाच राहू द्यावा. ७०-२०० मिलिमीटरची, एफ २.८ अ‍ॅपर्चरची झूम लेन्स या कामाला उत्तम. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. ती महाग वाटत असेल तर ८५ किंवा ५० मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सवर पुष्कळ काम निभावते, मात्र त्यासाठी पुढच्या रांगांत बसावे लागते. भरपूर प्रकाशाच्या प्रवेशात एफ २.८, शटर सेकंदाचा १/२०० आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र दाणेदार होते) १६०० ते ३२०० येथून सुरुवात करावी. पात्रे निश्चल उभी असतील तर १/१०० पर्यंत उतरता येते. नृत्य, झटापट किंवा धावपळ असेल तर १/५०० लागतो आणि त्यासाठी आयएसओ ६४०० वर न्यावा लागला तरी संकोच करू नये. दाणेदार छायाचित्र छापता येते, हललेले छापता येत नाही. फाइल नेहमी रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, ठेवावी. प्रकाशाच्या रंगाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; हॅलोजन दिव्यांचा पिवळसर प्रकाश साधारण ३२०० केल्व्हिनचा असतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरे काय धरायचे, ती मांडणी) तिथे स्थिर ठेवावा. ऑटोवर ठेवल्यास प्रकाशयोजनाकाराने जाणीवपूर्वक दिलेली संध्याकाळ कॅमेरा परस्पर दुपार करून टाकतो.

एलईडी दिव्यांबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्यांनी माझा एक अख्खा प्रयोग वाया घालवला. प्रेक्षकांना त्रास नको म्हणून मी कॅमेऱ्याचा आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर लावला होता आणि वेग १/६४० ठेवला होता. घरी येऊन पाहतो तर निळ्या प्रकाशातल्या प्रत्येक छायाचित्रात चेहऱ्यांवरून आडवे काळपट पट्टे गेलेले. संस्थेचा तो एकमेव प्रयोग होता आणि त्या रात्रीची ती छायाचित्रे पुन्हा मिळणार नव्हती. त्याची खंत अजून आहे. कारण साधे असते. अनेक एलईडी दिवे मंद करताना त्यांची वीज कमी केली जात नाही, ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जातात; डोळ्यांना ते जाणवत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे दिवा बंद असतानाच्या ओळी काळ्या पडतात. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने त्यावर थेट चालणाऱ्या काही दिव्यांचा प्रकाशही सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० हा वेग सुरक्षित ठरतो. तेव्हा प्रयोगापूर्वी प्रकाशयोजनाकाराला विनंती करून दिवे पूर्ण, निम्मे आणि अगदी मंद अशा तीन पातळ्यांवर लावून घ्यावेत, प्रत्येक पातळीवर दोनचार वेगांनी छायाचित्रे काढावीत आणि ती पडद्यावर मोठी करून पाहावीत. बहुतेक प्रकाशयोजनाकार यासाठी आनंदाने वेळ देतात. त्यांच्यापैकी एकाने मला स्वतःहून सांगितले होते, “शेवटचा प्रवेश मी अगदी खाली आणणार आहे बघा, तुम्ही आधीच तयारीत राहा.” त्या एका वाक्याने माझा शेवटचा प्रवेश वाचला.

गडद निळ्या किंवा लाल एलईडी प्रकाशात आणखी एक धोका असतो. एकूण चित्र अंधारे दिसत असले तरी त्या एका रंगाची पातळी टोकाला जाऊन चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात, आणि नंतर ते परत आणता येत नाहीत. अशा वेळी लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचे प्रमाण दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) पाहावा आणि उजेड एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवावा.

प्रत्यक्ष प्रयोगात छायाचित्रकाराचे पहिले कर्तव्य म्हणजे आपले अस्तित्व जाणवू न देणे. फ्लॅश कदापि वापरू नये. तो नटाचे डोळे दिपवतो, प्रकाशयोजना मारतो आणि छायाचित्रही सपाट करतो. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा लहान दिवा, बीप आणि मागच्या पडद्यावर आपोआप उमटणारे छायाचित्र या तिन्ही गोष्टी बंद कराव्यात. कपडे काळे किंवा गडद असावेत. तिसरी घंटा होण्यापूर्वी आपली जागा धरावी आणि अंक संपेपर्यंत ती सोडू नये. मधल्या रांगेत बसण्यापेक्षा भिंतीलगतची, चौथ्यापाचव्या रांगेतली कडेची खुर्ची बरी. तिथून शेजाऱ्यांना त्रास होत नाही आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलेले माइक पात्रांच्या पायांवर येत नाहीत. समूहाची रचना आणि जमिनीवर पडणारे प्रकाशाचे आकार टिपायचे असतील तर एखादा अंक बाल्कनीतून पाहावा. विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, पाहिलेले नाटक फार सुंदर दिसते, पण तिथे रंगमंच व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये, कारण अंधारात धावत येणाऱ्या नटाची वाट तीच असते. आवाज करणारा शटर वापरावाच लागला तर तो टाळ्या, हशा किंवा संगीतात मिसळून दाबावा. नटाने घेतलेल्या पॉजमध्ये दाबू नये. तो पॉज त्याने महिनोन्‌महिने घडवलेला असतो.

प्रसिद्धीची छायाचित्रे हे मात्र निराळे काम आहे. प्रयोगात आपण दुसऱ्याच्या प्रकाशात पाहुणे असतो. इथे प्रकाश, पार्श्वभूमी आणि क्षण तिन्ही आपण घडवायचे असतात. प्रथम ही छायाचित्रे कुठे वापरली जाणार हे विचारून घ्यावे. वृत्तपत्रातल्या दोन स्तंभांच्या जाहिरातीत चेहरा टपाल तिकिटाएवढा होतो, त्यामुळे तिथे एकदोन चेहरे आणि साधी पार्श्वभूमीच चालते. नाट्यगृहाबाहेरच्या फ्लेक्सला आडवी चौकट लागते, तर मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातीला उभी. नाटकाचे नाव, लेखक-दिग्दर्शकांची नावे आणि प्रयोगाची तारीख यांसाठी डोक्यावर किंवा एका बाजूला मोकळी जागा सोडावी. ती न सोडल्यास डिझाइन करणारा अक्षरे थेट नटाच्या कपाळावर बसवतो.

सर्व पात्रांना ओळीने उभे करण्याचा मोह संस्थांना होतो, कारण कोणी नाराज व्हायला नको. तो आग्रह नम्रपणे पण ठामपणे मोडावा. असे समूहचित्र वेगळे काढून द्यावे, पण जाहिरातीसाठी नाटकातले एकच नाते निवडावे: बाप आणि मुलगा, दोन बहिणी, मालक आणि गडी. नटाला “इकडे बघा, थोडे हसा” असे सांगू नये. त्याला त्याचे वाक्य म्हणायला लावावे आणि वर सांगितल्याप्रमाणे वाक्य संपल्यावर टिपावे. स्टुडिओ असण्याची गरज नाही. तालमीच्या खोलीला एक मोठी खिडकी असेल तर नटाला तिच्यापासून चारपाच फुटांवर तिरके उभे करावे, सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरावी आणि मागे काळे कापड टांगावे; एवढ्यावर उत्तम काम होते. रंगमंचावरची रंगभूषा जवळून पाहिल्यास जाड आणि चकचकीत दिसते, म्हणून या दिवशी ती हलकी ठेवायला रंगभूषाकाराला आदल्या दिवशीच सांगावे.

बाहेर छायाचित्रण करायचे असेल तर जागा नाटकाच्या जगातली असावी. कृष्णेचा घाट पहाटे फार सुंदर दिसतो म्हणून शहरी दिवाणखान्यातल्या नाटकाची माणसे तिथे नेऊन उभी करू नयेत. याउलट कोणी ‘संगीत शारदा’ करत असेल, तर सांगलीला लागून असलेले हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव; १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकासाठी कृष्णा-वारणेच्या संगमाकडचा तो परिसर शोधून पाहण्यासारखा आहे. जरठ-बालाविवाहाचे, म्हणजे म्हाताऱ्याशी लहान मुलीचे लग्न लावण्याच्या प्रथेवरचे, ते नाटक असल्याने तिथे ओसरीचा खांब आणि अर्धा उजेड शोधावा, सूर्यास्त नव्हे.

व्यवहार आधी लिहून घ्यावा, मैत्री असली तरी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी मोबदला देऊन छायाचित्रे काढून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर त्यांची पहिली मालकी काढून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून छायाचित्रे कुठे वापरता येतील, श्रेय कसे दिले जाईल आणि आपण ती आपल्या कामाचे नमुने म्हणून दाखवू शकतो का, हे एका पानावर दोघांच्या सह्यांनिशी असावे. बालनाट्य असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी. मेकअपच्या खोलीत परवानगीवाचून कॅमेरा उचलू नये. तिथे नट अजून पात्र झालेला नसतो.

प्रयोग झाला की त्याच रात्री आठदहा छायाचित्रे निवडून दिग्दर्शकाला पाठवावीत, कारण वर्तमानपत्राला ती लगेच हवी असतात. सोबत डावीकडून क्रमाने नटांची नावे, नाटकाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. बाकीची आठवडाभरात द्यावीत आणि मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. संगणकावर छायाचित्रांचे संस्करण करताना सावल्या उपसून उजळ करू नयेत. प्रकाशयोजनाकाराने जे झाकले ते झाकलेलेच राहावे.

एक गोष्ट मात्र पडदा पडल्यानंतर लगेच करायची असते. अर्ध्या तासात नेपथ्य सुटू लागते, म्हणून आधीच सांगून ठेवून दहा मिनिटे मागावीत आणि सर्व पांढरे दिवे लावून रिकाम्या रंगमंचाची समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून छायाचित्रे घ्यावीत. एका छायाचित्रात दाराच्या चौकटीला मोजपट्टी लावून ठेवावी. पुढचा प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिराऐवजी मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात असला, तर तिथे नेपथ्य उभे करणारी मुले रात्री टेम्पो लागला की हीच छायाचित्रे मोबाइलवर उघडून कोणता फ्लॅट (नेपथ्यातली भिंतीसारखी चौकट) कुठे लागतो ते पाहतात.