रविवारची वाचनं गुरुवारी

नाइट ड्यूटी संपवून थेट मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलं की काय होतं, ते मला विचारा. बायबलातल्या पहिल्या वाचनाला डोळे मिटतात, स्तोत्राच्या प्रतिसादाला शेजारीण कोपरानं ढोसते, शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याला, सगळे उठतात म्हणून आपणही उठतो. एकदा बाहेर पडताना धाकटीनं विचारलं, "आई, आज पहिलं वाचन कशातलं होतं गं?" मी ठोकून दिलं, "यशया." यशया म्हटलं की बहुतेक वेळा खपून जातं. त्या दिवशी दुसरा संदेष्टा, यिर्मया होता, आणि पोरीनं नीट ऐकलं होतं.

तेव्हापासून मी रविवारची वाचनं गुरुवारी वाचते. शनिवार त्याच्या उपयोगाचा नाही. त्या दिवशी बाजार, इस्त्री, पाहुणे असं सगळं असतं, आणि रात्री उघडलेलं बायबल उशाशी तसंच राहतं. गुरुवारी वाचलं की मधले दोन-तीन दिवस ते वाक्य डोक्यात फिरत राहतं, आपण वॉर्डात सलाईन लावत असलो तरी.

आधी वर्ष कोणतं ते ओळखायचं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार आठवडे), रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात बसवली आहेत. अ वर्षाला शुभवर्तमान मत्तयाचं, ब वर्षाला मार्कचं, क वर्षाला लूकचं. लक्षात ठेवायला सनाला तीननं भागा. भाग पूर्ण गेला तर क, बाकी एक उरली तर अ, दोन उरले तर ब. २०२६ ला भागलं की एक उरतो, म्हणजे हे मत्तयाचं वर्ष. योहानाला स्वतःचं वर्ष नाही. तो पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, भेटतो. शिवाय मार्क आटोपशीर असल्यामुळे ब वर्षाच्या ऐन पावसाळ्यात पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो.

एक खाचखळगा सांगून ठेवते. चर्चचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. मी एकदा नोव्हेंबरअखेर सगळ्या बायकांना घरी बोलावून, चहा-पोहे करून, जुन्याच वर्षाच्या वाचनांवर तासभर बोलले होते. रविवारी चर्चमध्ये भलतंच शुभवर्तमान सुरू झालं आणि मागच्या बाकावरून खसखस ऐकू आली. यंदा ती तारीख २९ नोव्हेंबर आहे. तिथून पुढच्या वर्षाचा सन धरून भागाकार करायचा.

आता वाचायचं कसं? छापलेल्या क्रमानं नको. आधी शुभवर्तमान वाचा, मग पहिलं वाचन. सामान्य काळात, म्हणजे आगमन, नाताळ, उपवास आणि पुनरुत्थान हे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असंच निवडलेलं असतं, तेव्हा दोघांत सारखं काय आहे ते शोधा. एखादी वस्तू, एखादा शब्द, कधी नुसता राग. मग स्तोत्र वाचा. तो पहिल्या वाचनाला आपण दिलेला जबाब असतो. दुसरं वाचन मात्र मोकळं सोडा. सामान्य काळात प्रेषितांची पत्रं आपल्या क्रमानं पुढे सरकत असतात, त्यांना त्या रविवारच्या विषयाशी ओढून बांधलं की सगळाच गुंता होतो. माझ्या नणंदबाई दर वेळी चारही वाचनांचा एकच बोध काढतात. मला ते पटत नाही, पण त्या वयानं मोठ्या आहेत.

वाचताना एकच वाक्य धरायचं. सुंदर वाटतं ते नाही, टोचतं ते.

याचं उदाहरण येत्या सप्टेंबरचंच देते, कारण सांगली जिल्ह्यात राहणाऱ्यानं हे तीन रविवार वाया घालवणं म्हणजे तासगावात राहून बेदाणा विकत आणण्यासारखं आहे. २० सप्टेंबर, २७ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर, तिन्ही रविवारी शुभवर्तमानात द्राक्षमळा आहे. आणि नेमकी तेव्हाच इकडे द्राक्षबागांत गोडी छाटणीची गडबड असते.

पहिल्या रविवारी मत्तयाचा विसावा अध्याय. मालक पहाटे मजूर लावतो, मग दिवसभरात चार वेळा जाऊन आणखी आणतो, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास आलेल्यालाही दिवसभराचा एक दिनार देतो. मी कायम पहाटेच्या मजुरांच्या बाजूनं होते. का, ते सांगते. मी पूर्वी जिथं नोकरीला होते तिथं अकरा वर्षांच्या नोकरीनंतरच्या माझ्या पगाराइतकाच पगार नव्या मुलीला मिळाला होता आणि मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. तेव्हा हा दाखला, म्हणजे येशूची ही बोधकथा, वाचला की माझं डोकं फिरायचं.

मग एक दिवस सकाळी ड्यूटीवरून येताना रिक्षा मजूर अड्ड्यापाशी अडकली. अकरा वाजत आले होते. बरेच जण कामावर गेलेले. एक बाई उरली होती. विळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, डबा मांडीवर, आणि प्रत्येक थांबणाऱ्या गाडीकडे ती अर्धवट उठून बघत होती. गाडी पुढे गेली की परत बसायची. माझी रिक्षा निघेपर्यंत ती तीनदा उठली. घरी येऊन मी दाखला पुन्हा उघडला. पाच वाजेपर्यंत नुसते उभे का, असं मालक विचारतो तेव्हा ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावरच लावलं नाही. इतकी वर्षं हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, पण थांबलं नव्हतं. उशिरा आलेले आळशी होते, असं मीच मनात लिहून ठेवलं होतं. दाखल्यात तसं कुठंच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, दाखल्यात आपण कुणाच्या बाजूनं उभे राहतो ते आधी कबूल करा, आणि मग समोरच्याचं वाक्य मोठ्यानं वाचा. मोठ्यानंच, कारण मनात वाचलं की आपण आपल्याला हवं तेच वाचतो.

तिसऱ्या रविवारचं पहिलं वाचन यशयाचा पाचवा अध्याय, द्राक्षमळ्याचं गीत. ते मी आमच्या शेजारच्या आबांना वाचून दाखवलं. आबा माळकरी, तासगावकडं त्यांची दोन एकर बाग. कामाचा माणूस ओळखीत असेल तर त्याला विचारायला लाजू नका, मग तो कुठल्याही देवळात जाणारा असो. जमीन खणली, दगड वेचले, उत्तम वेल लावले, बुरूज बांधला, द्राक्षकुंड खोदलं, आणि आली रानद्राक्षं. आबा ऐकता ऐकता हसले. "वैनी, ह्यो तर माझ्याच बागेचा हिशोब हाय की! आधी खर्च सांगितला, मग रडला." मग जरा गप्प राहून म्हणाले, "दावण्या रोग आला तर आम्ही औषधवाल्याला शिव्या देतो. ह्यो देव वेलीलाच इचारतोय, आणखी काय करायचं राहिलं हुतं म्हणून." चवथ्या ओवीत हाच प्रश्न आहे, फक्त तो यरुशलेम-यहूदाच्या लोकांना विचारलाय. मला ते कुठल्या टीपेतून कळलं नसतं.

आता संत. संतांचं वाचन बहुतेक जण चमत्कारांपासून सुरू करतात आणि तिथंच दमतात. माझी पद्धत वेगळी आहे: हा माणूस शास्त्रातल्या कुठल्या वाक्यात अडकला, ते शोधायचं. इजिप्तचा संत अँथनी चर्चमध्ये शिरला तेव्हा "तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे" हे वाचन चालू होतं. तो बाहेर पडून खरोखर विकायला लागला. संत ऑगस्टीनला ३८६ साली मिलानमध्ये बायबलातल्या रोमकरांच्या पत्राचा तेरावा अध्याय हाताला लागला आणि तो बदलला. तोच भाग अ वर्षात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आपल्याला वाचून दाखवतात, आणि आपण मेणबत्ती पेटली का ते बघत असतो.

रविवारी संतांचे बहुतेक स्मरणदिन बाजूला राहतात, कारण रविवार प्रभूचा. म्हणून आठवड्यातले संत बघा. २१ सप्टेंबरला, द्राक्षमळ्याच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, संत मत्तयाचा सण आहे. पुढच्या रविवारी त्याच्याच शुभवर्तमानात येशू म्हणतो, जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात. हे शुभवर्तमान परंपरेनं ज्याच्या नावावर आहे तो स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला. हे ठाऊक असलं की ते वाक्य वेगळंच ऐकू येतं.

यंदा ४ ऑक्टोबर, असिसीच्या फ्रान्सिसचा दिवस, रविवारी येतोय. तो वारला ३ ऑक्टोबर १२२६ ला, म्हणजे बरोबर ८०० वर्षं. मिस्सा द्राक्षमळ्याचीच असेल, पण घरी त्याचं वाक्य काढा: मत्तय, दहावा अध्याय. सोनं नको, झोळी नको, दोन अंगरखे नकोत, वहाणा नकोत, काठी नको. हे ऐकून त्यानं वहाणा आणि काठी टाकली, चामडी पट्टा सोडला आणि कमरेला दोर बांधला. मी एवढंच करते, की त्या आठवड्यात कपाटातली एक साडी काढते. मागच्या खेपेला काढलेली दोन दिवसांनी परत ठेवली, हेही सांगून टाकते.

लिहायचं फार नाही. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत चार-पाच शब्द लिहिते: "कुणी लावलं नाही", "आणखी काय राहिलं". दूधवाल्याच्या हिशोबाशेजारीच. मिस्साला जाताना तेवढं वाचून निघते. गुरुवार चुकला तर शुक्रवारी नुसतं शुभवर्तमान वाचते आणि बाकीचं सोडते.

आबांनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्यात शेतकऱ्यांचा कुणी संत न्हाय काय?" मी म्हटलं, आहे की, इसिदोर, माद्रिदचा, १५ मे. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला. १६२२ साली इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनं एकाच दिवशी त्याला संत जाहीर केलं. सकाळी मिस्साला जातो म्हणून कामाला उशिरा येतो, अशी सोबत्यांनी त्याची मालकाकडं तक्रार केली होती म्हणतात.

"उशिरा?" आबा म्हणाले. "आणि हजेरी?"

मी त्यांना २० सप्टेंबरला सकाळी चहाला बोलावलंय.